शाळेची घंटा आणि चुलीवरचा तवा



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते लिहून झाले, वही मिटली आणि विषय निघाला पोरांच्या डब्याचा. एकीचा मुलगा पाचवीत, तालुक्याच्या इंग्लिश शाळेत गाडीनं जातो. त्याचा डबा जसाच्या तसा परत येतो आणि दप्तरात पाच रुपयांच्या कुरकुऱ्याचं रिकामं पाकीट सापडतं. दुसरीची मुलगी नववीत. ती म्हणते, "आई, भाकरी नको देऊ, पोरी हसतात." तिसरी बराच वेळ गप्प होती. ती सकाळी सहाला टोमॅटो तोडायला जाते. तिची मुलगी दहावीत, पावणेसातची एसटी धरते. शेवटी ती म्हणाली, "मी डबा देतच नाही. दहा रुपये देते हातावर." आणि तिनं अशी मान खाली घातली, जशी काही चोरीच केली होती.

ती खाली घातलेली मान माझ्या डोक्यातून जाईना. डबा परत आला तर आईचा दोष, डबा दिला नाही तर आईचा दोष, डब्यात शिळं असलं तरी आईचाच दोष. हे कधीपासून असं झालं? म्हणून आज मी पालेभाजी खाऊ घालण्याच्या युक्त्या सांगणार नाही, त्या थोड्या शेवटी येतील. आज डब्याचा इतिहास सांगते.

फार पूर्वी गावात पंतोजीची शाळा असायची. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. ती सकाळी भरायची, मग पोरं घरी जेवायला जायची आणि दुपारून परत बसायची. सगळ्यांची पोरं तिथं नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पोरींना आणि खालच्या मानलेल्या जातींना तिथं जागाच नव्हती. पण ज्यांची होती त्यांच्या आईला डबा माहीत नव्हता. शाळा चुलीच्या वेळेला धरून चालत होती.

पुढे इंग्रजांच्या काळात सरकारी शाळा आल्या आणि त्या कचेरीसारख्या भरायला लागल्या. सकाळी दहा-अकराला घंटा, सुटायला पाच. आता आपल्या आज्यांचा दिवस आठवा. पहाटे जातं, मग पाणी, शेण, धारा. सकाळची न्याहारी म्हणजे रात्रीची भाकरी आणि चटणी. ताजी भाकरी थापायची ती दुपारच्याला, आणि पाटीत घालून शेतावर न्यायची. घरातली मुख्य भाकरीच मुळी बाराच्या सुमाराची. शाळेची घंटा त्याच्या दोन तास आधीची. म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोराच्या फडक्यात शिळी भाकरी बांधायची, नाहीतर बाईनं अजून दोन तास आधी उठायचं. घंटा कुणी मागे घेतली नाही. उठायची वेळच पुढे आली.

जोतीराव फुल्यांना हे पोटाचं दुखणं चांगलं माहीत होतं. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांना जेवू घालण्याची सोय केली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा असं मागितलं आणि सोबत हेही सांगितलं, की गरीब शेतकऱ्याचं पोर शेतात कामाला लागतं, म्हणून त्याला शाळेत यावंसं वाटेल असं काही बक्षीस, काही मदत द्या. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. फार मोठी गोष्ट होती ती. पण फी माफ झाली तरी दुपारचं फडकं बांधणं आईकडेच राहिलं.

आता एक गोष्ट सांगते, ती आपल्या सातारा जिल्ह्यातली आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे.

साल १९०१. आंबेडकर कुटुंब साताऱ्याला राहत होतं. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर खजिनदार. तिथं लोकांना रोजगार म्हणून तलावाची खोदाई चालली होती. घरी भीमराव, त्यांचे भाऊ, बहिणीची मुलं आणि एक म्हातारी, आजारी आत्या. चपात्या करणं पोरांना जमत नव्हतं, म्हणून ती तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करून खायची. तो सगळ्यात सोपा पडायचा. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, बघा, आई नसलेल्या घरातली पोरं शेवटी एकाच भांड्यात सगळं शिजवतात. खिचडीचीच गोष्ट आहे ही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी बोलावलं. पोरांना नवे कपडे शिवले, सोबत खायचं बांधून घेतलं, रेल्वेनं ती मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र वेळेत कळलं नव्हतं, न्यायला कुणीच आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं विचारपूस केली. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण अट ही की गाडी पोरांनी हाकायची, तो शेजारून चालणार. रात्र झाली. पोरांजवळ खायला होतं, पोटात आग पडली होती, पण ती जेवली नाहीत. कारण पाणी नव्हतं आणि त्यांना पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. टोलनाक्यावर मागितलं, तिथंही मिळालं नाही. भरलेला डबा जवळ ठेवून ती पोरं उपाशी झोपली.

साताऱ्याच्या शाळेतही तेच. शिपाई असला तरच वरून ओतून पाणी, तो नसला तर दिवसभर तहान. बसायला स्वतःचं गोणपाट, ते रोज घरी न्यायचं आणि आणायचं.

मी ही गोष्ट मुद्दाम लांबवली. डबा पौष्टिक आहे की नाही, हे आपण आत काय आहे त्यावरून ठरवतो. पण पोर कुणाशेजारी बसून खातं, पाणी कुठलं पितं, खाताना त्याला कुणी बघून हसतं का, हेही त्या डब्यातच असतं. "पोरी हसतात" म्हणणाऱ्या मुलीचं दुःख त्या टोलनाक्याएवढं नाही, मला ठाऊक आहे. पण ती उपाशी का राहते, याचं उत्तर भाकरीत सापडायचं नाही.

याच साताऱ्यात पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. नाव भाऊरावांचं झालं, पण एवढ्या पोरांच्या पोटाला रोज घालणं लक्ष्मीबाईंच्या अंगावर होतं. घरात पैसा संपला तेव्हा त्यांनी दागिने मोडले, मंगळसूत्रही दिलं. मला राहून राहून वाटतं, शाळेच्या जेवणाचा इतिहास लिहायला बसलं तर प्रत्येक पानावर कुठल्यातरी बाईचं काहीतरी गहाण पडलेलं दिसेल.

मुंबईची एक गंमत जाता जाता. तिथं डबेवाल्यांचं काम सुरू झालं १८९० च्या सुमारास, महादू हावजी बच्चे यांनी. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची ही माणसं. त्यांनी साहेबलोकांचे डबे नेले, शाळेतल्या पोरांचेही नेले. त्या पोरांना दुपारी ताजं, गरम जेवण मिळालं. डबा पोचवणाऱ्याची स्वतःची पोरं मात्र गावाकडे, फडक्यातल्या भाकरीवर.

माझ्या लहानपणी आमच्याकडेही फडकंच होतं. पितळी डबा एकच, त्याची कल्हई गेलेली. त्यात चिंचेचं काही घातलं की कळकायचं, म्हणून आई त्यात फक्त कोरडं द्यायची. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची आठवण काढली की आई अजून तोंड वाकडं करते. पण सुकडीचं नाव काढलं की तिचा चेहरा खुलतो. ती म्हणते, "पोरांच्या हातात सरकारनं काहीतरी गोड ठेवलं, ते पहिल्यांदा तेव्हाच बघितलं."

सरकारनं शाळेतच जेवण द्यावं, ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे आणि ती दक्षिणेकडून आली. १९२० साली मद्रास महापालिकेनं थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या एका शाळेत पोरांना जेवण द्यायचं ठरवलं. अट अशी, की एका पोरामागे एक आण्यापेक्षा जास्त खर्च व्हायला नको. पुढे १९५६ ला कामराज मुख्यमंत्री असताना ते गावोगाव पोचलं आणि १९८२ ला एम. जी. रामचंद्रन यांनी ते आणखी मोठं केलं. रामचंद्रन स्वतः लहानपणी उपाशी राहिलेले होते.

आपल्याकडे ते आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण शिजवून नाही. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ घरी. माझा थोरला तेव्हा दुसरीत होता. पिशवी घेऊन जायचा, मोठ्या ऐटीत डोक्यावर आणायचा. घरात आम्ही सात माणसं. तीन किलो तांदूळ दोन-तीन दिवसांत संपायचा आणि त्यातला त्याच्या वाट्याला किती आला, ते देवाला ठाऊक. दुपारचा डबा तसाच होता. उलट त्या तांदळासाठी तापातसुद्धा पोरं शाळेत बसायची, हजेरी बुडायला नको म्हणून.

मग २००१ साल. राजस्थानात दुष्काळ होता, माणसं उपाशी आणि सरकारी गोदामांत धान्य पडून. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं आदेश दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत पोराला शिजवलेलं जेवण द्या, रोज कमीत कमी ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात कमीत कमी २०० दिवस. २००४ ला त्याच खटल्यात आणखी एक आदेश आला, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. त्यावरून देशात कुठं कुठं काय काय झालं, पोरांना घरून "तिच्या हातचं खाऊ नको" म्हणून कसं पढवलं, ते तुम्ही ऐकलं असेल. मसूरचं स्टेशन अजून पुरतं मागे पडलेलं नाही. तरीसुद्धा हजारो शाळांत पोरं एका ओळीत बसली आणि एकाच पातेल्यातली खिचडी जेवली. माझ्या लेखी त्या आदेशातली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

दुसरी मोठी गोष्ट आपल्या बायकांच्या वेळेची. माझ्या थोरल्याच्या वेळी मी साडेचारला उठत होते. धाकटीच्या वेळी शाळेत खिचडी सुरू झाली आणि मी साडेपाचला उठायला लागले. एक तास. हा एक तास कुठल्याच सरकारी अहवालात मला सापडला नाही, पण माझ्या पाठीला तो चांगला आठवतो. मात्र तो तास दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेला होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला केंद्र सरकारनं २००९ साली मानधन ठरवलं महिन्याला एक हजार रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. त्यानंतर राज्यानं थोडं वाढवलं, पण आजही ते सांगायला लाज वाटावी असंच आहे. आपल्यातल्या किती गटांनी हे काम घेतलं आणि बिल निघेपर्यंत किराणा उधार आणला, ते आठवा.

२०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला आणि शाळेतलं जेवण पोरांचा हक्क ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवून २३ पोरं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. शिजलेलं आधी मोठ्या माणसानं चाखायचं, मग पोरांना वाढायचं, या नियमाची तेव्हा सगळ्यांना आठवण झाली. आपल्या शाळेत ती चव कोण घेतं आणि वहीत कोण लिहितं, तुम्हाला माहीत आहे का?

आता बैठकीतल्या तिघींकडे परत येऊ. एक पोर विनाअनुदानित इंग्लिश शाळेत, एक नववीत, एक दहावीत. लक्षात आलं का? तिघींचीही पोरं खिचडीच्या बाहेरची आहेत. जेवण मिळतं सरकारी आणि अनुदानित शाळांत, आणि तेही आठवीपर्यंत. आठवी संपली की पातेलं बंद. नेमकं तेव्हाच हायस्कूल लांब जातं, एसटी लवकरची असते आणि पोरीची पाळी सुरू झालेली असते, रक्त कमी पडायचं वय असतं. सकाळी सहाला चहा-बिस्कीट आणि मग संध्याकाळी घरी आल्यावर जेवण. दहा रुपयांत मध्ये काय येतं, ते शाळेबाहेरच्या टपरीवर टांगलेलं दिसतंच.

ही पाकिटंही इतिहासात नवीच आहेत. मॅगी भारतात आली १९८३ ला, कुरकुरे १९९९ ला. त्याआधी रेशनच्या गव्हानं भाकरीला हटवायला सुरुवात केलीच होती. त्याला मानपानाचं कारण होतं, पण एक साधं कारण डब्याचंही होतं: चपाती दुपारपर्यंत मऊ राहते, भाकरी कडक होते. डब्यात ज्वारी-बाजरी हरली ती तिथं. मग चपातीला बिस्किटानं, बिस्किटाला कुरकुऱ्यानं मागे सारलं. राज्य सरकारनं २०१७ ला शाळेच्या कँटीनमध्ये जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ बंद केले. २०२० चा केंद्राचा नियम सांगतो, की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकायचे नाहीत. आमच्या हायस्कूलची टपरी मी पावलांनी मोजली. बावीस पावलं भरली.

आणि सगळं पुढेच जात नाही, मागेही येतं. आपल्या राज्यानं २०२३ च्या अखेरीस शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या सुरुवातीला अंड्याचा सरकारी पैसा थांबवला. अंडं म्हणजे खेड्यातल्या पोराला मिळू शकणारं सगळ्यात सोपं प्रथिन. ते काढून घेताना कुठल्या आईला विचारलं होतं?

आता त्या युक्त्या. नववीतल्या मुलीच्या आईला आमच्या गटातल्या आजींनी सांगितलं: भाकरीऐवजी धपाटं दे. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, मूठभर मेथी नाहीतर शेपू, तीळ. ते गार झालं तरी चावतं, सांडत नाही आणि त्याला बघून कुणी हसत नाही. पोरी उलट तुकडा मागतात. भाकरीच द्यायची तर पीठ उकळत्या पाण्यात मळायचं आणि गरम असतानाच सुती फडक्यात गुंडाळायची. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. मोड आलेली मटकी रात्रीच परतून ठेवता येते, उन्हाळ्यात मात्र नको, आंबते. एक लिंबाची फोड टाकायची, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं करायला पुन्हा पहाटेचा तो एक तास लागतो. टोमॅटो तोडायला जाणारीकडे तो नाही. तिला धपाट्याची कृती सांगून उपयोग काय?

म्हणून आम्ही तिच्यासाठी दुसरं ठरवलं. एसटीनं जाणाऱ्या वाडीतल्या नऊ मुली आहेत. गटातल्या तिघीजणी पाळीपाळीनं नऊ डबे भरतात, स्टँडवर देतात. पीठ ज्याच्या त्याच्या घरचं, आणि टपरीवर जाणाऱ्या दहा रुपयांतले सहा रुपये गटात जमा. सरपण, तेल, शेंगदाणे त्यातून. तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात दोन डबे परत आले, एक हरवला. एका घरानं आधी विचारलं, कोण करणार, कुणाच्या घरात करणार. आम्ही सांगितलं, पाळी ज्याची त्याच्या घरात. ते घर आठ दिवस बाहेर राहिलं, नवव्या दिवशी मुलगी स्वतःच स्टँडवर हात पुढे करून उभी राहिली.

आठवीपर्यंतच्या शाळेसाठी एवढंच करा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात असा २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपलं नाव समितीत आहे का, ते बघा. आणि एकदा तराजू घेऊन जा. पाचवीपर्यंतच्या पोरामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. डाळ मोजताना शिजवणाऱ्या बाईवर डोळे वटारू नका, तिला कमी पोचलेलं असतं.

उद्या आमच्याकडे डब्याची पाळी माझी आहे. धाकटी लग्न होऊन गेली, म्हणून बऱ्याच वर्षांनी पुन्हा साडेचारचा गजर लावलाय. मेथी निवडून ठेवली आहे.